मुलगी 'क' ऐवजी 'त' म्हणते, पावणेपाच वर्षांची आहे. स्पीच थेरपीचे अनुभव सांगाल का?

रानजाई (२४ जून)

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

माझी लेक पावणेपाच वर्षांची आहे. बोलायला वेळेवर लागली. बडबडी आहे, लांबलचक गोष्टी रचून सांगते. पण क, ख, ग, घ यातलं एकही अक्षर येत नाही. काका म्हणजे ताता, गाडी म्हणजे दादी, खिडकी म्हणजे थिडती. घरात आम्हाला सगळं कळतं, त्यामुळे दोन वर्षं आम्ही नुसतं कौतुक केलं. पाहुणे आले की तिला 'गोगलगाय' म्हणायला लावायचो, ती 'दोदलदाय' म्हणायची, सगळे हसायचे. तीही हसायची. आता ते आठवलं की जिवाला लागतं.

या महिन्यात नवीन शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावलेली होती आणि त्यावर दुसऱ्याच मुलीचं नाव. मला वाटलं बाटली बदलली, पण बाटली आमचीच. तिचं नाव इथे देत नाही, पण ते 'क'नं सुरू होतं आणि त्या जागी 'त' घातला की दुसरं एक छान, खरंखुरं नाव तयार होतं. मावशींनी नाव विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. मी म्हटलं, "अगं, हे तुझं नाव नाही, असं सांगितलं नाहीस का त्यांना?" तर म्हणाली, "सांदितलं. दोनदा सांदितलं." तेव्हापासून कुणी नाव विचारलं की ती माझ्या मागे लपते.

गेल्या वर्षी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. 'होईल आपोआप' म्हणाले. सासूबाईंचं म्हणणं, हिचे बाबाही पहिलीत जाईपर्यंत बोबडंच बोलायचे. दोन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी थेरपी सुरू केली. तिथे फुगे फुगवणं, मेणबत्तीवर फुंकर मारणं, जीभ नाकाला लावणं, स्ट्रॉनं पाणी ओढणं चालायचं. मला दाराबाहेर बसवायचे. दर खेपेला पाचशे रुपये देऊन आठ वेळा गेलो, पण लेकीला विचारलं तर 'क' म्हणायला एकदाही सांगितलं नव्हतं. शिक्षण विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. मी बंद केलं.

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. पुण्याला जायची तयारी आहे. खरंच काळजीचं आहे का, चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा, घरी काय करायचं, कुणाचं मूल यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा.

नदीकाठ (२४ जून)

ताई, बाकी सगळं नंतर, आधी कान तपासून घ्या. माझ्या मुलाला स, श येत नव्हते आणि शब्दांची शेवटची अक्षरं गळायची. आम्ही जिभेच्या मागे लागलो होतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं. सर्दी सारखी असायची, टीव्हीचा आवाज वाढवायचा, हाक मारली तर बघायचा नाही, आणि आम्ही त्याला 'लक्ष नसतं' म्हणून रागवायचो. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते पाहणारी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते पाहणारी) या दोन्ही तपासण्या करा. दुसरी तर काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्याला अंधुक ऐकू येत होतं, तसंच तो बोलत होता. उपचारांनंतर कान मोकळे झाले, मग सहा महिने थेरपी. आता तिसरीत आहे, वाचन स्पष्ट.

आजीचाओटा (२५ जून)

लेकीला आशीर्वाद. आमच्याकडे जीभ जड असली की वेखंड मधात उगाळून चाटवत, पिंपळाच्या पानावर गरम भात वाढत, पोपटानं उष्टा केलेला पेरू देत. माझ्या धाकट्या दिराला हे सगळं केलेलं मी पाहिलं आहे. औषध किती ते माहीत नाही, पण घरातली चार माणसं रोज त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची, एवढं नक्की. संध्याकाळी दिवा लावला की स्तोत्रं म्हणवून घ्या, वळण लागतं.

कंठस्वर (२५ जून)

मी स्पीच थेरपिस्ट आहे, मुंबईत सतरा वर्षं मुलांबरोबर काम करते. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण वर्णन इतकं नेमकं आहे की काही गोष्टी लिहिते.

सगळ्या अक्षरांचं वय एक नसतं. प, ब, म, त, द, न लवकर येतात. स, श, र यांना वेळ लागतो, म्हणून चार वर्षांचं मूल 'राजा'ला 'लाजा' म्हणालं तर मी थांबते. पण क-ग बहुतेक मुलांना साडेतीन-चारपर्यंत आलेले असतात. दुसरं म्हणजे, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला जवळपास सगळं कळायला हवं. आईला कळतं हा निकष धरू नका, आई सवयीनं ओळखते. तुमच्या बाटलीवरच्या नावानं या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच आहे. तेव्हा आता थांबू नका. घाबरू मात्र नका. अक्षराऐवजी ठरावीक दुसरं अक्षर येणं हे थेरपीला चांगला प्रतिसाद देणारं दुखणं आहे.

'क' म्हणताना जिभेचं टोक खाली निवांत असतं आणि मागचा भाग उचलून मऊ टाळूला टेकतो. तुमच्या लेकीची जीभ मागून उचलण्याऐवजी पुढून उचलली जाते, म्हणून 'त'. मग फुंकर मारून किंवा जीभ नाकाला लावून 'क' कसा येणार? त्या व्यायामांनी फुंकर चांगली येते, 'क' येत नाही. अक्षर शिकायचं तर अक्षरच म्हणावं लागतं. 'जिभेखालचा पडदा कापून घ्या' असा सल्लाही कुणी देईल. जीभ ओठांबाहेर येत असेल, वरच्या दातांना टेकत असेल तर घाई करू नका. आणि 'क'ला तर जिभेचं टोक लागतच नाही.

आम्ही काय करतो? आधी कान तयार करतो: 'कार' आणि 'तार' यांतला फरक तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो का, हे पाहतो. मग नुसता आवाज काढून घेतो. कुणाला आइस्क्रीमची चपटी काडी जिभेच्या टोकावर हलकेच ठेवून जमतं, कारण टोक वर जायची वाटच बंद होते. कुणाला पाठीवर झोपवून, कारण जीभ आपोआप मागे सरकते. कुणाला गुळण्या करताना. (काडीचं आधी थेरपिस्टकडून शिकून घ्या.) मग 'अक्, इक्, उक्', मग का-की-कू, मग शब्द. पुष्कळ मुलांना शेवटचा 'क' आधी जमतो, म्हणून 'नाक, हाक, एक' आधी आणि 'काका' नंतर. मग वाक्य, मग गोष्ट, आणि सगळ्यात अवघड म्हणजे रोजच्या बोलण्यात ते उतरणं. तिथे पालक लागतात. आठवड्यातून एकदा माझ्यासमोर बसून काही होत नाही. घरी रोज पाच-दहा मिनिटं, शक्य तर दोनदा, एवढं पुरतं. तासभर बसवून मुलाला वीट आणू नका.

आणि कृपा करून 'नीट बोल' म्हणू नका. ती 'दादी आली' म्हणाली की तुम्ही 'हो, गाडी आली! केवढी मोठी गाडी!' म्हणा. तिच्याकडून परत म्हणवून घेऊ नका. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं आलेली आहे आणि नोंदणी असलेल्यांची नावं तिच्या संकेतस्थळावर पाहता येतात. बी.ए.एस.एल.पी. ही श्रवण आणि वाचा उपचारांची चार वर्षांची पदवी असते, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. क्रमांक विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका. आणि दाराबाहेर बसवत असतील तर का, ते विचारा. मुलं आई असली की हट्ट करतात हे खरं, पण शेवटची दहा मिनिटं तरी आत घ्यायला हवं. नाहीतर घरी तुम्ही करणार काय?

आजी, स्तोत्रं जरूर म्हणवून घ्या, ताल आणि श्वास सुधारतो. फक्त त्यातले क-ग चुकले तर थांबवू नका. वेखंडाचं मात्र मनावर घेऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये.

रानजाई (२५ जून)

कंठस्वर ताई, दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. 'आईला कळतं हा निकष धरू नका' इथे तो गप्पच झाला. उद्या कानाच्या तपासणीची वेळ घेते.

मांजराकाठचा (२६ जून)

आम्ही लातूर जिल्ह्यातले, खाजगी थेरपीचा खर्च झेपणारा नव्हता. ज्यांना पाचशे-सहाशे रुपये दर खेपेला शक्य नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची सरकारी योजना आहे, २०१३ पासून. तिचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. आमच्या अंगणवाडी ताईंनीच मुलाचं नाव पुढे केलं. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे कानाची तपासणी आणि थेरपी मोफत झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हे मिळतं.

अडचणीही सांगतो. गर्दी असते, मध्ये थेरपिस्टची जागा चार महिने रिकामी होती, आणि एका खेपेला माझा एक दिवसाचा रोज बुडायचा. म्हणून थेरपिस्ट ताईंनी आम्हाला पंधरा दिवसांतून एकदा बोलावलं आणि घरचा अभ्यास वहीत लिहून दिला. त्याच्या आईनं भाकरी थापताना तो करून घेतला. एक भाकरी, दहा शब्द. मुलाला ते इतकं सवयीचं झालं की भाकरी तव्यावर पडली की तो स्वतः सुरू व्हायचा. नऊ महिन्यांत ग, क दोन्ही आले.

चौथाबाक (२६ जून)

मी आज ३८ वर्षांचा आहे. मला 'र' येत नाही, अजूनही. आडनावात दोन 'र' आहेत. शाळेत हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणायला नको म्हणून मी नुसता हात वर करायचो. सर ओरडायचे, तोंड नाही का तुला. वर्ग हसायचा. घरी कधी सांगितलं नाही, कारण घरीही सगळे प्रेमानं माझी नक्कल करायचे. मी वक्तृत्वात भाग घेतला नाही, तोंडी परीक्षेत गप्प बसलो, आणि लोकांनी मला अबोल ठरवलं. मी अबोल नाही. रानजाई, तुम्ही पावणेपाचव्या वर्षी विचारताय याचं मला फार बरं वाटलं.

कंठस्वर (२६ जून)

चौथाबाक, मोठेपणीही 'र' शिकता येतो. जुनी सवय असल्यानं वेळ लागतो, पण माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, नोकरी करणारेही येतात. मुंबईत असाल तर वांद्रे रिक्लमेशनची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी संस्था आहे, १९८३ पासूनची. नायर रुग्णालयातही हा विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठात याचं महाविद्यालय चालतं. जिथे हे शिक्षण दिलं जातं तिथे फीही बेताची असते.

फळाखडू (२७ जून)

निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे, हे पालकांच्या लक्षात आणून द्यावंसं वाटतं. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. घशापासून ओठांपर्यंत एकेक पायरी पुढे. मी मुलांना हनुवटीखाली हात लावून म्हणायला सांगायची. क-ग म्हणताना तिथे मागच्या बाजूला हालचाल लागते, त-द म्हणताना पुढे.

जोड्या हव्या असतील तर मराठीत भरपूर सापडतात: कार-तार, काप-ताप, खांब-थांब, गार-दार. 'र'साठी राख-लाख, रस-लस, मार-माल. 'ळ'साठी वेल-वेळ, माल-माळ, मूल-मूळ. इंग्रजी चित्रांच्या तक्त्यात हे मिळत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतः काढा, मुलांना आईनं काढलेलं चित्र जास्त आवडतं.

अटलांटिकपार (२८ जून)

न्यू जर्सीतून. इथे तीन वर्षांपासून पुढे सरकारी शाळेकडे लेखी अर्ज केला तर मुलाची तपासणी फुकट होते, आणि गरज ठरली तर शाळेतच थेरपी. आमची अडचण वेगळी होती. तपासणाऱ्या बाईंनी मुलाच्या 'त' आणि 'व' या दोन्हींवर खूण केली. तो मराठी वळणाचा दंत्य 'त' म्हणत होता, तो दोष नव्हताच! मी त्यांना घरची भाषा लिहून दिली, स्वतः उच्चार करून दाखवले, मग त्यांनी त्या खुणा काढल्या. खरी अडचण 'स'ची निघाली. काही ओळखीच्यांनी सांगितलं, घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतं. आम्ही बंद केली नाही आणि थेरपिस्टनंही 'बंद करू नका' असंच सांगितलं. 'स' दोन्ही भाषांत एकदमच सुधारला. रानजाई, इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर मराठी बंद करायचा सल्ला तुम्हालाही मिळेल. ऐकू नका.

रानजाई (१९ जुलै)

कान व्यवस्थित आहेत. पुण्यात नोंदणी असलेल्या थेरपिस्ट मिळाल्या. एक आड एक शनिवारी जातो, मधल्या शनिवारी व्हिडिओवर. पहिल्या दिवशी मी क्रमांक विचारला तर त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं आणि मला आत बसवलं.

पहिला 'क' आमच्या मोरीत आला. त्यांनी गुळण्यांचा अभ्यास दिला होता. मी खाली पाट टाकून बसले होते, ती माझ्यासमोर तांब्या घेऊन उभी. पाणी घशात खुळखुळवायचं, थुंकायचं आणि लगेच तोंड उघडं ठेवून त्याच जागेवरून आवाज काढायचा. सात-आठ वेळा नुसता 'अत्' आला. मग एकदा खाकरल्यासारखा, खरखरीत, पण 'अक्' आला. ती थबकली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी काय म्हणते याची वाट पाहत. मला रडू येत होतं, पण थेरपिस्ट ताईंनी बजावलं होतं की फार गाजावाजा करू नका, नाहीतर मूल दडपतं. मी म्हटलं, 'ऐकू आला मला.' तर तिनं तांब्या खाली ठेवला आणि आणखी चारदा काढून दाखवला.

नदीकाठ (१९ जुलै)

अंगावर काटा आला. लिहीत राहा.

रानजाई (८ डिसेंबर)

धागा वर काढतेय, कारण मला व्यक्तिगत निरोपातून तीन-चार आयांनी पुढे काय झालं ते विचारलं.

अजून पूर्ण झालेलं नाही, हे आधी सांगते. ऑगस्टभर 'नाक, हाक, एक' यातच होतो. मला वाटायचं इतकं हळू? मग जोड्यांचे पत्ते आले. फळाखडू बाई, मी पुठ्ठ्यावरच काढले. खेळ असा की ती सांगेल तो पत्ता मी द्यायचा, तिच्या मनात काय आहे ते ओळखायचं नाही. तिला कार हवी होती, ती 'तार' म्हणाली, मी तार दिली. पुन्हा 'तार', पुन्हा तार दिली. तिचा चेहरा पाहवत नव्हता, पण पाच वर्षं मी तिच्या मनातलं ओळखतच आले होते. तिसऱ्या वेळी तिनं हनुवटी थोडी वर केली, थांबली आणि 'क्‌-आर' म्हणाली. दोन तुकडे होते, पण मी कार दिली. त्या संध्याकाळी तिनं तो पत्ता उशाखाली ठेवला.

मधे दिवाळीत तीन आठवडे अभ्यास बुडाला आणि चांगलंच मागे गेलो. प्रवास, पाहुणे, आजोळ. थेरपिस्ट ताई रागावल्या नाहीत, म्हणाल्या दोन पायऱ्या खाली उतरून परत चढू. सासूबाई आता रोज दुपारी तिच्याबरोबर पत्ते खेळतात. वर्गशिक्षिकांना भेटून सांगितलं की तिला मधेच दुरुस्त करू नका आणि कुणी नक्कल केली तर तिथेच थांबवा. त्यांनी ते मनापासून पाळलं.

आज 'क' शब्दांत बहुतेक येतो, घाईत बोलली की जातो. 'ग' अजून कच्चा आहे, 'ख' त्याहून कच्चा. नाव मात्र येतं. सावकाश म्हणते, पण 'क'नं म्हणते. बाटलीवरची पट्टी मी सप्टेंबरमध्येच बदलली होती, तिनं ती काढून टाकली आणि स्वतःच्या हातानं पहिलं अक्षर लिहून पुन्हा लावली. बाकीचं मला लिहायला लावलं.

परवा बाजारात गेलो होतो. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, 'काय देऊ गं?' एरवी ती माझ्या पदराआड जाते. यावेळी पुढे झाली आणि म्हणाली, "कातडी द्या." पहिला 'क' आला होता, दुसरा निसटला होता. माझ्या जिभेवर 'काकडी' आलं होतं, ते मी गिळलं. मावशींनी एकदा तिच्या बोटाकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे, आणि "किती, पाव किलो?" म्हणून तोलायला घेतली. "अर्धा टिलो," ती म्हणाली. 'त' नव्हता, 'ट' होता. जीभ थोडी मागे सरकली आहे, हे मी रात्री ताईंना कळवलं.